शिक्षणावर कोणता देश किती खर्च करतो? जीडीपीच्या टक्क्यांची तुलना पायरीपायरीने

भारत शिक्षणावर जीडीपीच्या किती टक्के खर्च करतो, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही अधिकृत कागदांतली असतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी रुपये दिले होते. त्याच अर्थसंकल्पात जीडीपी सुमारे ३५७ लाख कोटी धरला होता. भागाकार केला की उत्तर येतं ०.३६ टक्के. केंद्र सरकारची आर्थिक पाहणी उघडली तर गेल्या काही वर्षांचा आकडा २.९ टक्क्यांच्या आसपास दिसतो. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर भारतासमोर ४ ते ४.६ टक्के लिहिलेलं असतं. वादात ज्याला जो आकडा सोयीचा, तो तो उचलतो. मग "नॉर्वे बघा, भूतान बघा" सुरू होतं आणि तुलना तिथेच फसते.

ही तुलना घरच्या घरी, साध्या एक्सेल शीटमध्ये नीट करता येते. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. दर आकड्याला तीन प्रश्न मात्र विचारावे लागतात. यात कोणाचा पैसा मोजलाय? कशाच्या तुलनेत मोजलाय? आणि तो किती मुलांमध्ये वाटला जातोय? पत्रकार, शिक्षक, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, शिक्षणहक्कासाठी काम करणारे कार्यकर्ते, कोणालाही उपयोगी पडेल अशा रीतीने पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

पायरी १: आधी प्रश्न पक्का करा

"कोणता देश जास्त खर्च करतो" या एका वाक्यात निदान चार वेगळे प्रश्न दडलेले असतात.

देशाच्या एकूण उत्पन्नातला किती हिस्सा शिक्षणाकडे जातो, हा पहिला. त्यासाठी जीडीपीतली टक्केवारी. सरकारच्या तिजोरीतून होणाऱ्या खर्चात शिक्षणाला किती प्राधान्य आहे, हा दुसरा. त्यासाठी एकूण सरकारी खर्चातली टक्केवारी. एका मुलाच्या वाट्याला देशाच्या ऐपतीच्या मानाने किती येतं, हा तिसरा. त्यासाठी दरडोई जीडीपीच्या तुलनेत प्रतिविद्यार्थी खर्च. आणि एका मुलासाठी प्रत्यक्षात किती साधनं विकत घेतली जातात, हा चौथा. त्यासाठी क्रयशक्तीनुसार, म्हणजे स्थानिक भावात तेवढ्या पैशांत किती वस्तू येतात त्यानुसार, जुळवलेल्या डॉलरमधला प्रतिविद्यार्थी खर्च.

एकच देश एका मोजमापात वरच्या रांगेत आणि दुसऱ्यात तळाशी असू शकतो. लक्झेम्बर्ग हे त्याचं ठळक उदाहरण. प्रतिविद्यार्थी खर्चात तो जगात सर्वात वरच्या देशांमध्ये येतो, पण जीडीपीच्या टक्केवारीत विकसित देशांच्या यादीत खाली दिसतो. असं का, ते चौथ्या पायरीत येईलच.

पायरी २: आकडा कुठून घ्यायचा

जगभरच्या आकड्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: युनेस्कोची सांख्यिकी संस्था, मुख्यालय कॅनडातल्या माँट्रियलला. देशांची सरकारं तिला प्रश्नावली भरून देतात. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर दिसणारा शिक्षणखर्च मुख्यतः तिथूनच येतो. म्हणून "युनेस्को आणि जागतिक बँक दोघंही हेच सांगतात" हा दुजोरा नाही, आकडा एकाच विहिरीतला आहे.

श्रीमंत देशांसाठी ओईसीडी ही संघटना दरवर्षी, बहुधा सप्टेंबरात, शिक्षणाचा मोठा सांख्यिकी अहवाल काढते. त्यात सरकारी आणि खासगी खर्च वेगवेगळा दाखवलेला असतो, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच्या गाजलेल्या तक्त्यांत सहसा प्राथमिक ते उच्च शिक्षण एवढंच धरतात, बालवाडी नाही. युनेस्कोच्या एकूण आकड्यात देश जे कळवतो ते पूर्वप्राथमिकही येतं. म्हणून फिनलंडचा आकडा ओईसीडीकडून आणि भारताचा जागतिक बँकेकडून घेऊन शेजारी ठेवू नका. एका तक्त्यात एकच स्रोत ठेवा.

जागतिक बँकेच्या पानावर "शिक्षणावरील एकूण सरकारी खर्च, जीडीपीच्या टक्क्यांत" हा निर्देशांक शोधा आणि संपूर्ण मालिका उतरवून घ्या. फक्त "ताजं मूल्य" पाहून थांबू नका. ताजं म्हणजे एका देशाचं २०२३ चं आणि दुसऱ्याचं २०१५ चं असू शकतं, आणि क्रमवारी लावणारी बरीच संकेतस्थळं ते सांगतही नाहीत. एखादं वर्ष रिकामं असेल तर ते रिकामंच ठेवा. तिथे शून्य भरलं तर सरासरीची वाट लागते. मी शक्यतो लागोपाठच्या तीन वर्षांची सरासरी घेते, कारण एखाद्या वर्षी पगारवाढीची थकबाकी किंवा मोठं बांधकाम आलं तर आकडा एकदम उसळतो.

आर्थिक वर्षाकडेही एक नजर टाका. आपलं एप्रिल ते मार्च, बांगलादेश आणि पाकिस्तानचं जुलै ते जून. वर्षाच्या चौकटीत एवढी तफावत चालते, फक्त दोन्ही देशांचं साधारण तेच वर्ष आहे ना, ते तपासा.

पायरी ३: अंशात काय काय धरलंय

सगळ्यात जास्त गल्लत इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू. उदाहरण भारताचंच घेऊ.

सुरुवातीचा ०.३६ टक्क्यांचा आकडा फक्त केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांत, आलं, तरी शाळा चालवण्याचा बहुतांश खर्च आजही राज्यंच करतात. गावातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचा पगार राज्याच्या तिजोरीतून जातो. अनुदानित खासगी शाळांमधल्या शिक्षकांचा पगारही तिथूनच जातो, त्यामुळे तो सरकारी खर्चातच मोजायचा. केंद्राचा एकटा आकडा घेऊन भारताची तुलना फ्रान्सशी करणं चुकीचं आहे, कारण फ्रान्सच्या आकड्यात सगळ्या स्तरांवरची सरकारं धरलेली असतात.

मग २.९ आणि ४ च्या पुढचा आकडा यांत फरक कुठून आला? आर्थिक पाहणीतला आकडा केंद्र आणि राज्यांच्या अर्थसंकल्पांतल्या "शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती" या गटाचा असतो. शिक्षण मंत्रालय मात्र शिक्षणावरील अर्थसंकल्पित खर्चाचं वेगळं विश्लेषण प्रसिद्ध करतं. त्यात शिक्षण खात्यांच्या जोडीला इतर खात्यांनी शिक्षणावर आणि प्रशिक्षणावर केलेला खर्चही मिळवतात. आंतरराष्ट्रीय तक्त्यांतला भारताचा आकडा या विस्तृत व्याख्येच्या जवळचा असतो. म्हणजे दोन्ही आकडे खरे आहेत, त्यांच्या चौकटी वेगळ्या आहेत. परदेशाशी तुलना करताना विस्तृत चौकट घ्या. देशांतर्गत कल पाहायचा असेल तर कोणतीही एक घ्या, पण मध्येच बदलू नका.

ज्याला मुळापर्यंत जायचंय त्याने राज्याच्या अर्थसंकल्पातली लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाचे ठरलेले क्रमांक, उघडावीत. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२०३ तंत्रशिक्षण, २२०४ क्रीडा व युवक सेवा, २२०५ कला व संस्कृती. शाळा-कॉलेजच्या इमारतींचा भांडवली खर्च ४२०२ खाली. इथपर्यंत सोपं आहे. पण वैद्यकीय महाविद्यालयांचा खर्च २२१० या आरोग्याच्या शीर्षाखाली असतो. कृषी विद्यापीठं २४१५ खाली. आदिवासी आश्रमशाळांचा खर्च २२२५ या कल्याणाच्या शीर्षाखाली. निवृत्त शिक्षकांचं पेन्शन २०७१ खाली, इतर पेन्शनांच्या सोबत, आणि त्यात अनुदानित संस्थांमधल्या निवृत्तांचाही समावेश असतो. नुसतं २२०२ बघून "राज्याचा शिक्षणखर्च" सांगणारा माणूस नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या मुलीला हिशेबातून वगळतो. हे मला फार खटकतं, कारण ज्या मुलांकडे आधीच कमी लक्ष जातं तीच बेरजेतून गळतात.

पेन्शनचा मुद्दा परदेशी तुलनेतही येतो. ओईसीडीच्या पद्धतीत शिक्षकांसाठी मालक म्हणून भरलेलं निवृत्तीचं अंशदान शिक्षणखर्चात धरतात. आपल्याकडची जुनी पेन्शन वेगळ्या शीर्षाखाली निघते. तेवढ्यापुरता आपला अंश लहान दिसतो.

उलट दिशेची चूक म्हणजे तोच पैसा दोनदा मोजणं. समग्र शिक्षा अभियानात बहुतेक राज्यांसाठी केंद्र आणि राज्याचा वाटा ६०:४० असतो. केंद्राचा वाटा केंद्राच्या अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसतो आणि २०१४-१५ पासून अशा योजनांचा पैसा राज्याच्या कोषागारातून जात असल्यामुळे राज्याच्या खर्चातही दिसतो. दोन्ही आकडे सरळ मिळवले की बेरीज फुगते. केंद्राकडून राज्यांना गेलेली अनुदानं एकदा वजा करा. शिवाय मुंबई महापालिकेसारख्या संस्थेचा शिक्षणाचा स्वतंत्र अर्थसंकल्प असतो. त्यातला स्वतःच्या उत्पन्नातून केलेला खर्च राज्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

शेवटचं: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे आकडे आहेत. तुलनेसाठी प्रत्यक्ष खर्चच घ्या, तो दोन वर्षं मागचा असला तरी चालेल. तरतूद जाहीर होणं आणि पैसा शाळेपर्यंत पोचणं यात मोठं अंतर असतं.

पायरी ४: छेद तपासा

जीडीपी म्हणजे देशाच्या हद्दीत एका वर्षात झालेलं उत्पादन. ती साठवलेली संपत्ती नाही, आणि त्यातलं सगळं देशातल्या लोकांच्या हातात पडतं असंही नाही.

आयर्लंड बघा. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे नेल्यामुळे २०१५ मध्ये त्या देशाचा जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांहून जास्त वाढल्याचं जाहीर झालं. त्या वर्षी डब्लिनच्या शाळांमध्ये काहीच बदललं नव्हतं, तरी शिक्षणखर्चाची टक्केवारी घसरली. पुढे तिथल्याच सांख्यिकी कार्यालयाने "सुधारित राष्ट्रीय उत्पन्न" असं वेगळं मोजमाप काढलं. ते अलीकडच्या वर्षांत जीडीपीच्या साधारण ६० टक्क्यांच्या आसपास आहे. आयर्लंडचा खर्च जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या घरात दिसत असेल, तर या मापाने तो ५ टक्क्यांच्या घरात जातो. पहिल्या आकड्यावरून आयर्लंड कंजूष ठरतो आणि दुसऱ्यावरून तो युरोपातल्या सर्वसाधारण देशासारखा दिसतो.

लक्झेम्बर्गचं कोडंही इथेच सुटतं. तिथे नोकरी करणाऱ्यांतले जवळपास निम्मे लोक रोज सीमा ओलांडून फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून येतात. त्यांचं उत्पादन लक्झेम्बर्गच्या जीडीपीत मोजलं जातं, पण त्यांची मुलं मात्र पलीकडच्या देशांतल्या शाळेत शिकतात. छेद मोठा, विद्यार्थी थोडे. त्यामुळे टक्का लहान आणि प्रतिविद्यार्थी खर्च प्रचंड.

पॅसिफिक महासागरातल्या किरिबातीचं उलट आहे. जागतिक यादीत शिक्षणावर जीडीपीच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च करणाऱ्या मोजक्या देशांत त्याचं नाव येतं. पण परदेशी जहाजांना ट्यूना पकडायचे परवाने देऊन मिळणारं मोठं उत्पन्न त्याच्या जीडीपीत येत नाही, ते राष्ट्रीय उत्पन्नात, म्हणजे देशाच्या हातात प्रत्यक्ष पडणाऱ्या उत्पन्नात, येतं. छेद राष्ट्रीय उत्पन्नाचा घेतला की टक्का बराच खाली येतो. शेजारच्या मार्शल बेटांचा आकडाही असाच उंच असतो. तिथे अमेरिकेशी झालेल्या करारानुसार मिळणारं अनुदान शिक्षणात येतं, आणि विखुरलेल्या बेटांवर थोड्या मुलांसाठीही शाळा चालवावी लागते. "जगात पहिला" अशी बातमी अशा देशाबद्दल दिसली की आधी लोकसंख्या बघा.

पाया बदलला तरी टक्का हलतो. नायजेरियाने २०१४ मध्ये जीडीपीचं आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती धरून जीडीपी मोजतात ते वर्ष, १९९० वरून २०१० वर आणलं आणि जीडीपी कागदावर ८९ टक्क्यांनी वाढला. समजा जुन्या हिशेबात एखादा खर्च जीडीपीच्या ५ टक्के होता, तर नव्या हिशेबात तोच खर्च २.६ टक्के भरतो. म्हणून कालांतराने झालेली वाढ-घट दाखवताना सगळी वर्षं एकाच आधारवर्षाच्या मालिकेतली घ्या. २०२० साली नेमकं उलट झालं. कोविडमुळे अनेक देशांचा जीडीपी आकुंचन पावला, शिक्षकांचे पगार चालू राहिले, आणि शाळांना कुलूप असताना शिक्षणखर्चाची टक्केवारी वर गेली. दीर्घकालीन आलेखात २०२० आणि २०२१ वेगळ्या रंगात दाखवा.

म्हणून तुमच्या शीटमध्ये जीडीपीच्या शेजारी राष्ट्रीय उत्पन्नाचाही रकाना ठेवा. बहुतेक मोठ्या देशांसाठी, भारतासाठीसुद्धा, दोघांत फारसा फरक पडत नाही. जिथे १० टक्क्यांहून जास्त तफावत दिसेल तिथे टीप द्या.

पायरी ५: टक्केवारी दोन तुकड्यांत फोडा

जीडीपीतला शिक्षणाचा टक्का दोन गोष्टींचा गुणाकार असतो. सरकारचा एकूण खर्च जीडीपीच्या किती टक्के, गुणिले त्यातला शिक्षणाचा हिस्सा.

बांगलादेश आणि डेन्मार्क शेजारी ठेवा. बांगलादेशचा शिक्षणखर्च जीडीपीच्या साधारण २ टक्के, डेन्मार्कचा साधारण ६. वरवर पाहता वाटतं की बांगलादेशला शिक्षणाची तिसरा हिस्साही फिकीर नाही. आता फोड करा. डेन्मार्कचं सरकार जीडीपीच्या जवळजवळ निम्मा खर्च करतं, त्यातला आठवा हिस्सा शिक्षणाला. बांगलादेशचं सरकार जीडीपीच्या जेमतेम १३ ते १५ टक्के खर्च करतं आणि त्यातलाही साधारण सातवा-आठवा हिस्सा शिक्षणाला जातो. म्हणजे प्राधान्य जवळपास सारखंच आहे. अडचण कर गोळा होण्यात आहे, तिथला कर जीडीपीच्या १० टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. अशा देशाच्या शिक्षणमंत्र्याला जाब विचारण्याआधी अर्थमंत्र्याला करवसुलीबद्दल विचारावं लागेल.

उलट बाजूला सिएरा लिओन आहे. २०१८ मध्ये तिथे मोफत शालेय शिक्षणाची योजना आली आणि सरकारने अर्थसंकल्पातला २० टक्क्यांहून जास्त हिस्सा शिक्षणाला द्यायचं ठरवलं. श्रीमंत देशांत इतकं प्राधान्य क्वचित दिसतं. पण मुळात तिजोरीच लहान.

२०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन इथे ठरलेल्या जागतिक चौकटीत म्हणूनच दोन्ही मापं दिली आहेत: जीडीपीच्या ४ ते ६ टक्के आणि/किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के. तुलना करताना दोन्ही रकाने ठेवा. एकच दाखवला तर चुकीच्या माणसाला दोष जातो.

पायरी ६: मुलं मोजा

माझ्या मते सगळ्या पायऱ्यांत ही सर्वात महत्त्वाची, आणि लेखांत, भाषणांत सर्वात कमी सापडणारी.

दोन देश जीडीपीच्या सारखेच ४ टक्के खर्च करत असतील, पण एकात दर तीन माणसांमागे एक विद्यार्थी असेल आणि दुसऱ्यात दर सात माणसांमागे एक, तर त्यांची तुलना काय करणार? नायजरमध्ये निम्मी लोकसंख्या जेमतेम १५ वर्षांच्या आतली आहे. जपानमध्ये १५ वर्षांखालची मुलं १२ टक्क्यांहून कमी आणि ६५ च्या पुढचे जवळपास २९ टक्के.

सूत्र सोपं आहे. शिक्षणखर्चाचा जीडीपीतला टक्का घ्या आणि त्याला विद्यार्थ्यांच्या लोकसंख्येतल्या प्रमाणाने भागा. उत्तर येतं: एका विद्यार्थ्यावर होणारा खर्च दरडोई जीडीपीच्या किती टक्के.

भारत आणि जपान करून बघू. आकडे मुद्दाम गोळाबेरीज घेते, म्हणजे पडताळणं सोपं जाईल. भारतात यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीसंचातल्या २०२३-२४ च्या नोंदींनुसार शाळेत सुमारे २४.८ कोटी मुलं. उच्च शिक्षणात २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार ४.३३ कोटी. एकूण सुमारे २९ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या साधारण २० टक्के. सरकारी खर्च जीडीपीच्या ४.१ टक्के धरला तर ४.१ भागिले ०.२०, म्हणजे साधारण २० टक्के. जपानमध्ये विद्यार्थी लोकसंख्येच्या साधारण १३ टक्के आणि सरकारी खर्च जीडीपीच्या साधारण ३.३ टक्के. ३.३ भागिले ०.१३, म्हणजे साधारण २५ टक्के.

जीडीपीच्या टक्क्यात जपान भारताच्या मागे होता. मुलं मोजली आणि तो पुढे गेला. "जपानपेक्षा आपण जास्त टक्का खर्च करतो" असं म्हणून समाधान मानणाऱ्याला हे एवढं गणित पुरेसं आहे.

भारताच्या छेदात एक मेख आहे. वरच्या २९ कोटींमध्ये विनाअनुदानित खासगी शाळांतली मुलंही आहेत, ज्यांच्यावर सरकार जवळपास काही खर्च करत नाही. सगळे विद्यार्थी धरले तर कळतं, सरकार देशातल्या सरासरी मुलासाठी किती करतं. फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांतले धरले तर कळतं, सरकारी शाळेतल्या मुलासाठी किती करतं. दुसरा आकडा बराच मोठा येईल. कोणता घेतलाय, ते तक्त्याखाली लिहा.

आणि सरासरी मुलामागे आणखी एक प्रश्न असतो: पहिलीतल्या मुलावर किती आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यावर किती? जागतिक बँकेकडे प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचे प्रतिविद्यार्थी आकडे वेगळे मिळतात. जिथे थोडीच मुलं विद्यापीठापर्यंत पोचतात, तिथे एकूण टक्का चांगला असूनही गावातल्या पहिलीच्या वर्गात काहीच पोचलेलं नसेल, हे शक्य आहे. तिन्ही स्तर वेगळे पाहिल्याशिवाय गरीब देशांची क्रमवारी लावू नका.

पायरी ७: रुपये, डॉलर आणि क्रयशक्ती

इथे थोडक्यात. बाजारातल्या विनिमय दराने प्रतिविद्यार्थी खर्च डॉलरमध्ये बदलला की गरीब देश अवाजवी खाली दिसतात, कारण तिथे शिक्षकाचा पगारच स्थानिक भावाने ठरतो आणि शिक्षणखर्चाचा सर्वात मोठा वाटा पगारांचाच असतो. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय किंमत तुलनेत भारतासाठी क्रयशक्तीचा दर एका डॉलरला २०.६५ रुपये निघाला होता, बाजारात तेव्हा डॉलर ६५ च्या आसपास होता. भारत-जपानचं वरचं उदाहरण बाजारभावाने केलं तर एका विद्यार्थ्यामागे भारत सुमारे ५०० डॉलर आणि जपान सुमारे ८,५००, म्हणजे १७ पट. क्रयशक्तीने केलं तर सुमारे २,००० विरुद्ध १२,५००, म्हणजे सहा पट. पगार, वर्गखोल्या, खडू-फळा यांचा विचार असेल तर दुसरा आकडा. आयात करायची प्रयोगशाळेची उपकरणं, संगणक, परदेशी जर्नल्स यांचा प्रश्न असेल तर बाजारभाव जास्त खरा.

देशाच्या उत्पन्नाशी टक्केवारीत तुलना करताना मात्र ही भानगडच येत नाही. अंश आणि छेद एकाच चलनात असतात, म्हणूनच हे माप इतकं लोकप्रिय आहे.

पायरी ८: आईबापांच्या खिशातला पैसा

सरकारी टक्का बघून एखादा देश शिक्षणावर कमी खर्च करतो असं म्हणता, तेव्हा कुटुंबं काय भरतात तेही पाहा. नॉर्वे, फिनलंडमध्ये जवळजवळ सगळा खर्च सरकारी. जपान, दक्षिण कोरिया, अमेरिका, चिली इथे उच्च शिक्षणात कुटुंबांचा वाटा मोठा.

आणि शिकवण्या तर बहुतेक तक्त्यांच्या बाहेरच राहतात. दक्षिण कोरियाच्या सरकारी सर्वेक्षणानुसार २०२३ मध्ये शालेय मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कुटुंबांनी २७.१ लाख कोटी वॉन खर्च केले. तिथला जीडीपी त्या वर्षी सुमारे २,४०० लाख कोटी वॉन होता. म्हणजे जीडीपीच्या १ टक्क्याहून जास्त रक्कम शाळेबाहेरच्या वर्गांवर.

आपल्याकडचं चित्र २०२५ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात दिसतं. एका मुलाच्या शाळेवरचा कुटुंबाचा सरासरी वार्षिक खर्च सरकारी शाळेत २,८६३ रुपये आणि बिगरसरकारी शाळेत २५,००२ रुपये. साधारण २७ टक्के मुलं शिकवणीला जातात. लातूर किंवा पुण्यात जेईई-नीटच्या क्लासची फी भरणाऱ्या घरांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी एकच बेरीज न करता सरकारी आणि कौटुंबिक असे दोन रकाने ठेवा. दोघांची बेरीज सारखी असलेल्या दोन देशांत गरिबाच्या मुलाचं आयुष्य अगदी वेगळं असू शकतं, कारण फी ऐपतीप्रमाणे भरली जाते आणि सरकारी शाळा सर्वांसाठी असते.

पायरी ९: सहा टक्क्यांची कसोटी

भारतातली कोणतीही चर्चा शेवटी ६ टक्क्यांवर येते. हा आकडा १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचा. दौलतसिंग कोठारी अध्यक्ष होते आणि सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, ज्यांनी भारतीय शिक्षण संस्था उभी केली. आयोगाने नुसता गोल आकडा फेकला नव्हता. अर्थव्यवस्था वर्षाला ६ टक्क्यांनी वाढेल, लोकसंख्या साधारण २.१ टक्क्यांनी वाढेल असं धरून त्यांनी हिशेब मांडला: दरडोई शैक्षणिक खर्च १९६५-६६ मधल्या १२ रुपयांवरून १९८५-८६ पर्यंत ५४ रुपयांवर जाईल आणि राष्ट्रीय उत्पन्नातला हिस्सा २.९ वरून ६ टक्क्यांवर.

या पायऱ्यांच्या चाळणीतून तो आकडा घाला. छेद जीडीपीचा नव्हता, राष्ट्रीय उत्पन्नाचा होता. अंशात सरकारी पैशाच्या जोडीला फीसारखे इतर स्रोतही होते. लोकसंख्या आजच्यापेक्षा कितीतरी तरुण होती. १९६८, १९८६ आणि २०२० च्या धोरणांनी ६ टक्क्यांचं उद्दिष्ट पुन्हा पुन्हा मान्य केलं, २०२० मध्ये ते जीडीपीच्या संदर्भात आणि सरकारी गुंतवणूक म्हणून. म्हणजे चौकट बदलत गेली, आकडा तोच राहिला. तरीही या उद्दिष्टाचा मला आदर आहे. मुलांचं प्रमाण घटतंय म्हणून उद्दिष्ट कमी करा, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो मला पटत नाही. घटत्या मुलांमुळे प्रत्येक मुलावर जास्त खर्च करायची संधी साठ वर्षांत पहिल्यांदा हाताशी आलीय. नाईकांच्या पिढीने ज्या वर्गांची कल्पना केली ते वर्ग अजून बांधायचे आहेत.

सरावासाठी: दोन राज्यं

देशांवर जाण्याआधी महाराष्ट्र आणि बिहारवर हात बसवा. चलन एक, लेखाशीर्षं एक, आर्थिक वर्ष एक, त्यामुळे अर्ध्या अडचणी राहतच नाहीत. रिझर्व्ह बँकेचा राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरचा वार्षिक अहवाल आणि दोन्ही राज्यांच्या आर्थिक पाहण्या एवढं पुरतं.

शीटमध्ये असे रकाने करा: वर्ष, शिक्षणावरचा प्रत्यक्ष खर्च, राज्याचा एकूण खर्च, राज्याचं सकल उत्पन्न, लोकसंख्या, विद्यार्थी. त्यापुढे चार गणिती रकाने: खर्च भागिले सकल उत्पन्न, खर्च भागिले एकूण खर्च, प्रतिविद्यार्थी रुपये, आणि प्रतिविद्यार्थी खर्च भागिले दरडोई उत्पन्न. शेवटी टिपांसाठी एक रुंद रकाना, तो रिकामा ठेवू नका.

पहिल्या गणिती रकान्यात बिहार महाराष्ट्राच्या पुढे दिसेल. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न बिहारच्या चार-पाच पट आहे, म्हणून बिहारमध्ये तोच रुपया मोठा टक्का बनतो. प्रतिविद्यार्थी रुपयांच्या रकान्यात क्रम उलटतो. बिहार आपल्या ऐपतीच्या मानाने जास्त ताण घेतो आणि तरी तिथल्या मुलाच्या वाट्याला कमी येतं. महाराष्ट्रात खासगी शाळांचं प्रमाण मोठं असल्यामुळे विद्यार्थ्यांचा रकाना दोनदा भरून बघा, एकदा सगळ्यांसह आणि एकदा फक्त सरकारी-अनुदानितांसह.

हे जमलं की त्याच शीटमध्ये बांगलादेश, व्हिएतनाम, ब्राझील, दक्षिण आफ्रिका घाला. भारताच्या तुलनेला नॉर्वे किंवा सिंगापूरपेक्षा हे देश जास्त उपयोगी आहेत, कारण उत्पन्न, लोकसंख्या किंवा विषमता यांपैकी काहीतरी जुळतं. आणि तक्ता कुठेही पाठवलात तर आकड्याखाली एक ओळ हमखास असू द्या: स्रोत, वर्ष, कोणकोणत्या स्तरांवरचं सरकार, बालवाडी धरली की नाही, छेद जीडीपीचा की राष्ट्रीय उत्पन्नाचा, विद्यार्थी सगळे की फक्त सरकारी.